ढिगात सापडलं, सांगायचं कोणाला? नाणेसंग्राहकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकच खंत फिरून फिरून येते: मला कळलं होतं, समोरच्याला कळलं नव्हतं, मग बोलायला हवं होतं का? विकणारे, घेणारे आणि दुकानदार, तिघांचीही पत्रं आहेत. काही पत्रं आवरून छापली आहेत.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर शिवराई नाण्यांचा (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) ढीग होता. ‘कुठलीही घ्या, दीडशे.’ चाळता चाळता एकावर ‘शिव’च्या जागी ‘शंभु’ वाचलं. काही न बोलता दीडशे रुपये दिले आणि निघालो. आता मनाला खातंय. परत जाऊन सांगू का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : आधी नाणं बघू, मनाचं नंतर. कारण ‘शंभु’ म्हणून, म्हणजे संभाजी महाराजांचं दुर्मीळ नाणं म्हणून, आणलेली बरीच नाणी शेवटी झिजलेली साधी शिवराईच निघतात, आणि मग सांगण्यासारखं काही उरतच नाही.

नेहमीच्या शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र, पति असतं. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे सगळा मजकूर क्वचितच उमटतो आणि बऱ्याचदा तिसरी ओळच कापली जाते. शिवाय ठसे कोरणारे हात अनेक. शिव, शीव, सिव अशी सगळी रूपं मिळतात. म्हणून ‘श’च्या डावीकडे वेलांटीचा दांडा नाही एवढ्यावर ‘शंभु’ ठरवू नका. दीर्घ वेलांटी असेल तर दांडा उजवीकडेच जाणार. खरी परीक्षा शेवटच्या अक्षराची. ‘व’चं पोट बंद असतं, ‘भ’ला डावीकडे गाठ असते, आणि भ असेल तर त्याच्या पायाशी उकाराची शेपटी असायला हवी. दहापट भिंग घ्या, दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला, टेबलाच्या पातळीला आणा, आणि नाणं तर्जनीनं हळूहळू फिरवा. झिजलेलं अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही; तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. चारही दिशांनी फोटो काढून ठेवा.

दुसरी शंका कोरकामाची. साध्या शिवराईवर सुईनं उकार कोरून ‘शंभु’ तयार करणारे आहेत. कोरलेल्या खळग्यात तांबं ताजं, लालसर दिसतं आणि जुन्या गंजाचा काळपट थर अक्षराच्या कडेशी तुटलेला असतो. अख्ख्या नाण्यावर एकसारखा काळा लेप असेल तरी सावध व्हा. तो बहुतेक हे झाकायलाच दिलेला असतो. कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन कडेला टेकवा. जुना गंज हलत नाही, रंग किंवा पॉलिश काडीवर येतं.

समजा, नाणं खरं निघालं. कायद्यानं तुम्ही मोकळे आहात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे, समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशा गोष्टीबद्दल नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, अपवाद दोन. परिस्थितीच अशी असेल की बोलणं तुमचं कर्तव्य ठरतं, किंवा तुमचं गप्प राहणं हेच उत्तर म्हणून घेतलं जाणार असेल. त्याच कलमाखाली दिलेलं एक उदाहरण तर आपल्या बाजाराला तंतोतंत लागू पडतं: दोघे व्यापारी, एकाला भाव बदलल्याची खासगी खबर आहे, दुसऱ्याला नाही, पहिल्यावर ती सांगण्याचं बंधन नाही.

कायद्यापलीकडचं आमचं मत असं. सरसकट दीडशे म्हणणारा पथारीवाला अडाणी नसतो. एकेक नाणं वाचत बसण्याचे कष्ट त्यानं गिऱ्हाइकावर सोडलेले असतात आणि त्याबद्दल निवडीचा हक्कही गिऱ्हाइकाला दिलेला असतो. साठ साध्या शिवराया दीडशेनं खपवतानाही त्याचं काही बिघडत नाही. हा सौदा स्वच्छ आहे. मात्र त्यानं ‘काय सापडलं, दाखवा बघू’ म्हटल्यावर तुम्ही ‘साधीच आहे हो’ म्हणाला असता, तर तो नसता. नाणं खरं आहे हे ओळखूनही ‘नकली वाटतंय, शंभरला द्या’ अशी घासाघीस केली असती, तर मुळीच नसता. आणि शेजारच्या दीड हजाराच्या ताटलीतलं नाणं दीडशेच्या ढिगात सरकवून मग ‘शोधून’ काढणारे महाभाग या बाजारात आहेत. त्यांनी हा प्रश्न आम्हाला न विचारता पोलीस चौकीत विचारावा.

परत जाऊन सांगायचं असेल तर जरूर सांगा, थोडे पैसे वर दिलेत तरी छान. ही परतफेड नव्हे. पण पुढचं पोतं सोडण्याआधी तो तुम्हाला फोन करील, आणि ‘शंभु’ वाचायला शिकलेला पथारीवाला पुढच्या वेळी ते दीडशेला देणारही नाही. दोन्ही धरूनच जा.

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात ६३ जुने रुपये निघाले. एका नाणेविक्रेत्याला दाखवले. त्यानं दोन मिनिटं चाळले आणि म्हणाला, ‘यात विशेष काही नाही ताई, सगळे मिश्र धातूचे, अर्धी चांदी धरून वजनावर घेतो.’ विश्वास ठेवावा का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ठेवू नका. अविश्वासही दाखवू नका. डबा घरी आणा आणि एक संध्याकाळ काढा.

सगळ्यात आधी, घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नको. चांदीवरचा काळसर-निळसर थर संग्राहकाला हवा असतो. घासलेल्या रुपयावर केसाएवढे चरे पडतात, भिंगाखाली ते लख्ख दिसतात आणि दुर्मीळ नाण्याची किंमत तिथेच कोसळते. धूळ असेल तर कोमट पाण्यात बुडवून सुती कापडानं टिपा, पुसू नका.

मग सालाप्रमाणे तीन ढीग करा. १८३५ ते १९३८ चे रुपये, म्हणजे कंपनी सरकारपासून सहाव्या जॉर्जच्या सुरुवातीपर्यंतचे: वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे नगाला साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० ते १९४५ चे: वजन तेवढंच, चांदी निम्मी, नगाला ५.८३ ग्रॅम. १९४७ चे: निकेलचे, चांदी शून्य, हे चुंबकाला चिकटतात.

तुमच्या यादीनुसार पहिल्या ढिगात ४१, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात ६ नाणी आहेत. आता हिशेब मांडा. ४१ गुणिले १०.६९ म्हणजे ४३८ ग्रॅम, १६ गुणिले ५.८३ म्हणजे ९३ ग्रॅम. एकूण ५३१ ग्रॅमच्या आसपास चांदी. झिजेपोटी थोडं कमी धरा. ‘अर्धी चांदी’ सगळ्यांना लावली तर हीच ५७ नाणी ३३२ ग्रॅमवर येतात. जवळपास २०० ग्रॅमचा फरक, तोही एकही दुर्मीळ नाणं न धरता. तारीख वाचता येणारा माणूस ‘सगळे मिश्र धातूचे’ म्हणतो तेव्हा त्याला ‘चूक झाली असेल’ म्हणून सोडून देणं आम्हाला जड जातं.

नाणं चांदीचंच आहे ना, याची घरगुती परीक्षा आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. पहिल्या ढिगातल्या खऱ्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवील. जर्मन सिल्व्हरची नक्कल असेल तर १.३ च्या वर जाईल. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून दोरा हलकेच झटका.

आता त्या ४१ मधून साल बघून वेगळे काढा: १९११, १९२१, १९२२. आणि डब्यात १९३९ असेल तर तो कोणालाही हातात देऊ नका, आधी शेवटचं उत्तर वाचा. १९११ च्या रुपयाची गोष्ट मजेची आहे. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. आरडाओरड झाली, बराचसा माल वितळवला गेला आणि १९१२ पासून सोंड लांब झाली. बाजारात त्याला आजही ‘डुकराचा रुपया’च म्हणतात. दुसऱ्या सालचा आकडा कोरून ‘१९११’ करणारे आहेत, पण झग्यावरचा हत्ती बदलणं फार अवघड. म्हणून तारखेआधी हत्ती बघायचा.

व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांत १८६२ सालचे बरेच निघतील. ते सगळे १८६२ चे नाहीत! तेव्हापासून १८७४ पर्यंत रुपयावर तीच तारीख गोठवलेली होती, आणि मुंबई टांकसाळीनं खरं साल ओळखता यावं म्हणून बारीक ठिपके टाकले. तारखेखाली भिंग धरा, ठिपके मोजा, नोंद करा. काही ठिपक्यांची नाणी सहज मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. अनुभवी विक्रेता ‘दोन मिनिटं चाळतो’ तेव्हा तो बहुतेक हेच मोजत असतो.

विकताना पहिल्यानं सांगितलेला भाव दुसऱ्याला सांगू नका. सांगितलात की दुसरा त्यावर पाच टक्के चढवतो आणि तिथेच थांबतो. किमान दोघांकडे जा. ‘ही पाच चांगल्या भावानं घेतो, बाकीचं मोडीत घाला’ असं कोणी म्हणालं तर त्या पाचांची नावं-सालं लिहून घ्या आणि त्या दिवशी काहीच विकू नका. ते वाक्य फुकट मिळालेला सल्ला आहे. डबा नजरेआड जाऊ देऊ नका, ‘आत साहेबांना दाखवून आणतो’ हे तर नाहीच. विक्री झाली तर पावतीवर प्रत्येक खास नाण्याचं साल, वजन आणि किंमत वेगळी हवी. ‘जुनी नाणी ६३ नग’ अशी पावती निरुपयोगी.

आणि एक प्रश्न नक्की विचारा, शक्यतो व्हॉट्सॲपवर, फोटो जोडून: ‘यातल्या कोणत्याही नाण्याला चांदीपेक्षा जास्त किंमत आहे का?’ विचारलं नाहीत तर विक्रेत्याला गप्प बसण्याची सोय आहे. विचारल्यावर जाणूनबुजून ‘नाही’ लिहिलं तर ते नुसतं गप्प राहणं उरत नाही, ती फसवणूक होते, आणि कलम १९ खाली सौदा रद्द करून मागता येतो. खरं बोलणारा विक्रेता या प्रश्नानं दुखावत नाही. तो सरळ सांगतो: ‘हे तीन वेगळे, बाकी चांदी.’

योग्य भाव म्हणजे काय, हेही सांगून टाकू. साध्या चांदीच्या रुपयात विक्रेत्याचा फरक थोडा असतो. पण दुर्मीळ नाणं तो ज्या किमतीला विकेल त्याच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत तुम्हाला मिळालं तर ती लूट नाही; त्याचं भांडवल अडकतं, गिऱ्हाईक यायला वर्ष लागू शकतं. लिलावात द्यायचं ठरवलंत तर दलाली किती, फोटोचे पैसे वेगळे का, राखीव किंमत कोण ठरवणार, नग विकला गेला नाही तर काय कापणार आणि पैसे किती दिवसांत देणार, हे सगळं आधी लेखी घ्या.

प्रश्न : माझं छोटं दुकान आहे. १८६२ चा एक रुपया चांदीच्या भावापेक्षा थोडा जास्त घेऊन विकला. महिन्याभरानं तोच रुपया लिलावात कितीतरी पटीनं गेलेला दिसला. गिऱ्हाइकानं ठिपके ओळखले होते, मला सांगितलं नाही. फरक मागता येईल का? (एक नाणेविक्रेते, कोल्हापूर)

उत्तर : नाही. एकाच बाजूची चूक असेल तर तेवढ्यावर करार रद्द होत नाही (कलम २२), आणि वस्तूच्या किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही कायद्याच्या दृष्टीनं वस्तुस्थितीची चूकच नाही (कलम २०चं स्पष्टीकरण). नैतिकदृष्ट्याही तुमची बाजू लंगडी आहे: दुकान मांडून बसलेल्यानं स्वतःचा माल वाचायला हवा. १८६२ चे सगळे रुपये एका बरणीत ठेवू नका, एवढाच इलाज.

पत्राच्या शेवटी तुम्ही दुसरं एक लिहिलं आहे, ते जास्त गंभीर आहे. नाणं पसंत नाही म्हणून परत आणलेलं, पण दिलं होतं ते हे नव्हेच. अदलाबदलीची ही तक्रार बऱ्याच दुकानदारांची असते आणि गिऱ्हाईकही तोच आरोप दुकानदारावर करतात. दोघांनाही वाचवणारी गोष्ट एकच: ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक नाण्याचं वजन दोन दशांशांपर्यंत पावतीवर लिहा आणि दोन्ही बाजूंचा फोटो गिऱ्हाइकाला त्याच वेळी पाठवा. हातानं पाडलेल्या नाण्यात कडेची चीर, ठशाचा कललेला कोन, कापलेलं अक्षर हे बोटांच्या ठशासारखं असतं; सराफांनी मारलेल्या ठोशाच्या खुणा तर दोन नाण्यांवर कधीच जुळत नाहीत. यंत्रावरच्या रुपयात मात्र ओरखड्यांवर भिस्त ठेवावी लागते, म्हणून फोटो तिरप्या उजेडातला हवा. पावतीवर परतीची मुदतही छापा, पण नाणं नकली ठरलं तर मुदत लावू नका. नकली निघालेलं नाणं वर्षानंही परत घेणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजतं.

जाता जाता: नाणी मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात देऊ नका. पीव्हीसी सुटतं आणि सहा महिन्यांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मग ‘तुम्हीच असं दिलंत’ आणि ‘तुम्हीच असं केलंत’ यावर दुपार जाते. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची) पाकिटं आता सगळीकडे मिळतात.

प्रश्न : शेतात जेसीबीनं चर खणताना मातीचं गाडगं फुटलं, आत नाणी आहेत. एक व्यापारी घरी येऊन रोख द्यायला तयार आहे. म्हणतो, गवगवा केलात तर सगळं सरकारजमा होईल. (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : तो तुम्हाला घाबरवून स्वस्तात घेतोय, आणि त्याबरोबर तुम्हाला गुन्ह्यातही ओढतोय.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत लपलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे आणि कोणत्या तारखेला. निधी जवळच्या कोषागारात जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. तलाठ्याच्या कानावर घातलं, सरपंचांना माहीत आहे, एवढं पुरत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि पोच घ्या. न कळवल्यास हक्क तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

‘सगळं सरकारजमा’ हेही अर्धसत्य. चौकशीत निधी बेवारस ठरला आणि जमीनमालक व सापडणारा यांच्यात वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा कायद्यात लिहिलेला आहे. सरकारला तो स्वतःकडे हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते घेऊ शकतं. दुर्मीळ नाण्याला हा मोबदला तोकडा पडतो, हे खरं, आणि हा कायदा बदलायला हवा असं आम्हालाही वाटतं. पण व्यापाऱ्याची रोख त्याहूनही तोकडी असणार, कारण सौदा बेकायदा आहे हे तो जाणतो.

तोवर गाडग्याचे तुकडे फेकू नका, नाणी धुऊ नका, चिकटलेली एकमेकांपासून सोडवू नका. किती खोलीवर, कोणत्या बाजूला, सोबत राख-हाडं-विटा काय होतं, याचे मोबाइलवर फोटो काढा. एकत्र सापडलेली नाणी कोणती आणि किती, यावरून निधी केव्हा पुरला हे ठरतं. दहा जणांनी वाटून घेतली की नाणी उरतात, माहिती जाते. आणि संग्राहकांनो, मातीचा ओला थर असलेली एकसारखी तीस-चाळीस नाणी कोणी ‘घरातली’ म्हणून दाखवत असेल तर ती घेऊ नका. तिथे गप्प बसून सौदा केलात तर पहिल्या उत्तरातलं काहीही तुमच्या मदतीला येणार नाही.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या भाच्याला शिवराई आणि डुकराचा रुपया कुरिअरनं पाठवायचा आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पाठवू नका. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. १९११ चा रुपया २०११ सालीच शंभरीत गेला. भेट आहे, विक्री नाही, हा बचाव चालत नाही. भाचा येईल तेव्हा त्याला मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था दाखवा.

प्रश्न : माता वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना घेणारे आहेत म्हणे. नोंदणी फी मागतात. (दोन वाचक, लातूर व नागपूर)

उत्तर : २०१२ चं चलनी नाणं आहे, पाच रुपयांना सगळीकडे चालतं. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं म्हणून राम-सीतेचं नाणं दाखवतात तेही असंच: कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही.

प्रश्न : आमच्या नाणेमंडळात माझ्याकडे ‘जाणकार’ म्हणून बघतात. ओळखीच्या एका काकूंनी यजमानांच्या पश्चात सापडलेले रुपये दाखवले: ‘बघ रे, काही आहे का यात.’ त्यात १९३९ चा आहे. मला तो हवा आहे. त्या सांगतील ती किंमत देऊन घेतला तर गैर काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गैर हेच की किंमत त्या सांगणार नाहीत, तुम्ही सांगणार आहात. पथारीवरच्या ‘शंभु’शी याची तुलना करू नका. तिथे विकणारा व्यापारी होता आणि त्यानं काही विचारलं नव्हतं. इथे काकूंनी विश्वासानं थेट विचारलं आहे; कलम १७ मधली ‘बोलणं कर्तव्य आहे’ अशी परिस्थिती ती हीच. ‘आहेत जुने, ठेवा जपून’ असं गुळमुळीत उत्तर देऊन महिन्याभरानं ‘तो एक मला द्याल का’ म्हणणं हीदेखील तीच चलाखी, फक्त हप्त्यानं.

किंमत सांगायला बसलेल्यानं त्याच बैठकीत विकत घेऊ नये. आज फक्त सांगा: हा १९३९ चा आहे, या सालचे रुपये फारच थोडे उरलेत, खरा असेल तर बाकीच्या सगळ्या डब्यापेक्षा याची किंमत जास्त. हे कागदावर लिहून द्या, कारण काकूंना मुलांना सांगावं लागेल आणि तोंडी निरोपात साल बदलतं. मग आपलीही इच्छा उघड करा: ‘मला घ्यायला आवडेल, पण आधी दोन ठिकाणी भाव विचारा, मी नावं देतो.’ नावं तुमच्या मित्रांची नकोत. आठ दिवसांनी त्या स्वतःहून आल्या तर बाजारभावाला घ्या, पैसे बँकेतून द्या. नाही आल्या तर विषय संपला. पारखण्याचे पैसे घेत असाल तर ठरलेली रक्कम घ्या, किमतीवर टक्केवारी नको. टक्केवारी घेणारा पारखी आकडा फुगवतो.

आणि हे सगळं बोलण्याआधी तो १९३९ चाच आहे याची खात्री करा, नाहीतर काकूंना उगीच आशेला लावाल. १९३८ चा इंग्रजी आठ कोरून नऊ करणं हा या धंद्यातला जुना खेळ आहे. आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू तासली की काम झालं. पण १९३९ मध्ये नऊ दोन आहेत, आणि पहिल्याला हात लावायची कोणाला गरज पडत नाही. भिंगाखाली दोन्ही नऊ ताडून बघा: गोलाची उंची, शेपटीची जाडी, शेपटी कुठे वळते. तासलेल्या नऊची शेपटी खाली जास्त गोल आणि जाड राहते. मग शेवटच्या नऊच्या डावीकडची जमीन बघा. तिथे बारीक चरे, किंचित खोलगटपणा किंवा भोवतालच्या चांदीपेक्षा वेगळी चमक असेल तर आकडा बदललेला आहे. कधी आकडा दुसऱ्या नाण्यावरून कापून चिकटवतात. तेव्हा आकड्याच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ दिसते, आणि सुईचं टोक हलकेच फिरवलं तर ते तिथे अडकतं. हे मात्र काकूंच्या परवानगीनं आणि त्यांच्या समोरच करा.